बत्ताशाचं पुसलेलं नाव

गेल्या चैत्रात बकुळेनं एक वसा घेतला होता.

तेव्हा तिची आई तापानं फणफणली होती. बाबा दूरच्या गावी विहिरी खणायच्या कामावर गेलेले. घरात तुळशीचा काढा आणि देवाचं नाव, याखेरीज काही नव्हतं. आठ वर्षांची बकुळा झोपाळ्यात बसलेल्या चैत्रगौरीपुढे उभी राहिली, चिमुकले हात जोडले नि म्हणाली, "गौरीमाये, माझ्या आईला बरं कर. आमच्या गोठ्यातलं शेवटचं तोंड ओलं झाल्याशिवाय मी तोंडात घास घालणार नाही. कधीच नाही."

तिसऱ्या दिवशी आईचा ताप उतरला. त्या दिवसापासून बकुळेनं वसा सोडला नाही. थंडी असो, पाऊस असो, आधी चांदणी गाईला पाणी, मग ठकी शेळीला पाला, मग कवडी कोंबडीला कण्या, आणि मग बकुळेची भाकरी. कधी भाकरी अर्धीच असायची, पण अर्धी भाकरीही ती त्यांच्यानंतरच खायची.

बघता बघता वर्ष सरलं आणि पुन्हा चैत्र आला. डोंगराच्या पायथ्याशी त्यांचं ते टीचभर शेत, पण काय सजलं होतं म्हणून सांगू! बांधावरचा पळस लाललाल पेटला होता. कडुनिंबाला पांढरी नाजूक फुलं आली होती आणि वारा आला की ती भाताच्या लाह्यांसारखी अंगणभर उधळत होती. कवडीमागे नऊ पिल्लं तुरुतुरु धावत होती, जणू कुणी कापसाचे गोळे हळदीत बुडवून सोडून दिलेत! आणि पहाटेच ठकीला दोन करडं झाली होती. एक काळी, कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून ती टिक्की. दुसरा पांढराशुभ्र, गोल गोल, म्हणून तो बत्तासा.

त्याच दिवशी संध्याकाळी घरी चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. आई पाणी आणायला विहिरीवर गेली होती. बकुळेनं बत्ताशाकडे पाहिलं. अंग चिकट, माती लागलेली.

"अरे रामा," ती म्हणाली, "बायका तुला बघायला येणार नि तू असा? चल, तुला न्हाऊ घालते."

मागच्या वर्षी मामीच्या बाळाला आजी न्हाऊ घालायची ते तिनं डोळे भरून पाहिलं होतं. अगदी तसंच तिनं केलं. पाटावर पाय पसरून बसली, बत्ताशाला पायांवर घेतलं, कोमट तेल चोळलं, हळद नि डाळीचं पीठ लावलं, ऊन पाणी घातलं. मऊ फडक्यानं पुसलं. शेवटी निखाऱ्यावर ओवा आणि बाळंतशेपा टाकून धुरीसुद्धा दिली. बत्तासा कसा चकचकीत दिसू लागला! पाणी संपलं म्हणून टिक्कीची अंघोळ तेवढी राहिली.

"घे गं ठके, तुझा राजा," म्हणत बकुळेनं बत्ताशाला ठकीपुढे ठेवलं.

ठकीनं नाक पुढे केलं. हुंगलं. पुन्हा हुंगलं. आणि डोकं खाली घालून बत्ताशाला अशी ढुशी मारली की तो कोलमडून गवतात पडला.

बकुळेला वाटलं, ठकी खेळतेय. तिनं त्याला पुन्हा जवळ नेलं. पुन्हा ढुशी. टिक्की शेपटी हलवत चुटुचुटु दूध पीत होती, आणि बत्तासा "म्यँ म्यँ" करत आपल्याच आईभोवती परक्यासारखा फिरत होता.

तेवढ्यात शेजारच्या मळ्यातली पारूकाकी ताक घेऊन आली. तिची जीभ म्हणजे बाभळीचा काटा. तिनं करडाला उचललं, नाकाजवळ नेलं नि कपाळावर हात मारला.

"अगं बाई बाई! याला काय बारशाला बसवायचंय? हळद काय, धुरी काय! आता काजळाची तीट तेवढी राहिली बघ."

"काकी, मी त्याला फक्त स्वच्छ..."

"स्वच्छ केलंस, हो! शेळी काय डोळ्यांनी ओळखते होय लेकराला? ती नाकानं ओळखते. तिचं लेकरू म्हणजे तिच्या नाकातलं नाव. ते नाव पुसलंस तू, शहाणे. आता हे तिच्या लेखी कुणाचं तरी भलतंच पोर. आणि पहिला चीक दिवस मावळायच्या आत पोटात गेला नाही ना, तर उद्याची सकाळ काही बघत नाही ते."

ताकाचं भांडं ठेवून पारूकाकी निघून गेली. बकुळेनं बत्ताशाला उचलून पोटाशी धरलं.

आई आली. दोघींनी मिळून खटपट केली. आई ठकीची धार काढायला बसली, तर ठकीनं लाथ झाडून वाटीच उडवली. कसेबसे चार थेंब हाती लागले. बकुळेनं कापसाची वात बुडवून बत्ताशाच्या ओठांना लावली, पण त्यानं ती जिभेनं बाहेर ढकलली.

सूर्य डोक्यावर आला. आईनं भाकरीवर चटणी वाढली.

"बकू, दोन घास खा गं बाळा. सकाळपासून पाण्याचा घोट नाही पोटात."

"बत्ताशाचं तोंड कोरडंय आई. माझा वसा आहे."

आईनं तिच्याकडे पाहिलं. 'मोड वसा' असं म्हणायला तिचे ओठ धजले नाहीत, कारण त्याच वशावर तर ती उठून उभी राहिली होती. तिनं भाकरी झाकून ठेवली. स्वतःचीही.

"बरं, मग ओढ्याकाठच्या रायवळ आंब्याकडे जाऊन ये," आई म्हणाली. "डाळीला चार कैऱ्या आण नि गौरीला मोहोराचा एखादा तुरा. बत्ताशाला बरोबर ने, तुझ्या अंगाची ऊब तरी मिळेल."

ऊन उतरल्यावर बकुळेनं बत्ताशाला आईच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलं नि छातीशी धरून निघाली. त्याचं इवलंसं काळीज तिच्या हाताला लागत होतं. टुकटुक, टुकटुक. मधेच थांबल्यासारखं वाटलं की तिचंही थांबायचं.

ओढ्याकाठचा आंबा म्हातारा होता आणि सगळ्यांच्या मागून मोहरायचा. खालच्या फांद्यांना पोपटी कैऱ्या लोंबत होत्या, तर शेंड्याला अजून सोनेरी मोहोर होता. कोवळी तांबूस पानं तांब्याच्या पत्र्यासारखी चमकत होती. मधमाश्या गुणगुणत होत्या. आणि त्या गुणगुणीत बकुळेला एक बारीक, रडका आवाज ऐकू आला.

"अगं कुणीतरी सोडवा गं..."

खोडावर डिंकाचा एक मोठा थेंब ओघळला होता, मधासारखा पिवळाधमक. त्यात एक पंख अडकला होता, आंब्याच्या कोवळ्या पानासारखा तांबूस. आणि पंखाला लोंबकळत होती आईच्या करंगळीएवढी एक परी! मोहोराच्या झिरझिरीत तुऱ्याचा तिचा झगा, केसांत परागांची चमचम, पायांत दवाचे पैंजण.

"हलू नकोस हं," बकुळा कुजबुजली. "ओढलंस तर फाटेल."

तिनं आपल्या वेणीवरून बोट फिरवलं, केसांचं तेल बोटावर घेतलं, आणि फुंकर घालत घालत डिंकात सारलं. हळू, अगदी हळू. पंख अलगद सुटला. परी भुर्रकन उडाली, दोन गिरक्या घेतल्या नि बत्ताशाच्या कानावर येऊन बसली.

"मी मोहोरपरी," ती म्हणाली. "गोड पोरी, तुझे डोळे का गं पाण्यानं भरलेत?"

बकुळेनं सगळं सांगितलं. परीनं आपल्या झग्यातून मोहोराचे तीन कण काढले. तीन ठिणग्याच जणू!

"हे घे. एका कणाला एक मागणं. पण ऐक, माझ्या मागण्यांना नियम आहेत. स्वतःसाठी मागायचं नाही. आणि हातांनी होण्यासारखं असेल ते तर मागायचंच नाही, नाहीतर कण विझून जाईल."

"मग ठकीला बत्तासा आवडू दे!" बकुळा घाईघाईनं म्हणाली.

परीनं मान हलवली. "तेही नाही, बाळ. कुणाचं मन फिरवायची सत्ता माझ्याकडे नाही. कुणाकडेच नसते."

"मग काय मागू?"

"मी सांगितलं तर ते तुझं मागणं कसं होईल? विचार कर. सूर्य डोंगराला टेकला की उरलेले कण विझतील." आणि परी मोहोरात मिसळून गेली.

बकुळेनं तिन्ही कण फडक्याच्या टोकाला गाठ मारून ठेवले, ओच्यात कैऱ्या नि मोहोराचा तुरा घेतला आणि भराभर चालू लागली. काय मागावं? दूध मागावं? पण दूध प्यायला तो तोंड कुठे उघडतोय? डोक्यात विचारांचं मोहोळ उठलं होतं.

अंगणाजवळ पोचते तोच आभाळातून एक काळी सावली सरसर खाली आली. घार! कवडी पंख फुलवून किंचाळली. आठ पिल्लं तिच्या पंखांखाली शिरली, नववं मात्र एकटंच कडुनिंबाखाली फुलं टिपत होतं. घारीनं ते उचललं नि वर वर निघाली.

"सोड गं त्याला! सुटू दे त्याला!" बकुळा ओरडली. तिचा हात गाठीवर होता. गाठीतून सोनेरी ठिणगी उडाली. वाऱ्याचा एक भोवरा आला, घारीचे पंख उलटे झाले आणि पिल्लू गवताच्या गंजीवर फुलासारखं येऊन पडलं. चिव चिव चिव!

बकुळेला हसू आलं. मग तिनं गाठ चाचपली. दोनच कण. हसू ओठांवरच सुकलं.

तेवढ्यात तळ्याकडून हाक आली. "धावा गं कुणी! माझं रेडकू गेलं!"

पारूकाकीचा आवाज. बकुळेनं डोंगराकडे पाहिलं. सूर्य हातभर वर होता. छातीशी बत्ताशाची मान कलली होती. आधी घरी जावं, तिला वाटलं. काकी सकाळी किती टोचून बोलली! पण पुन्हा हाक आली, या वेळी रडवी, आणि बकुळेचे पाय आपोआप तळ्याकडे वळले.

आटत चाललेल्या तळ्याच्या गाळात रेडकू पोटापर्यंत रुतलं होतं. काकीनं त्याच्या गळ्याला दोर लावला होता. बकुळेनं बत्ताशाला गवतावर ठेवलं नि दोराला हात घातला. दोघींनी ओढलं, पुन्हा ओढलं. हाताची सालटी निघाली. रेडकू मात्र आणखीनच खोल जात होतं, आता गाळ त्याच्या नाकाला लागला.

हातांनी होण्यासारखं नव्हतं ते. बकुळेनं गवताकडे धावत जाऊन फडक्याची गाठ मुठीत धरली नि डोळे मिटले. "गाळ घट्ट होऊ दे."

ठिणगी उडाली. गाळ तव्यावरच्या भाकरीसारखा भराभर सुकला, रेडकानं पाय उचलले नि धडपडत काठावर आलं.

"देवच धावला गं!" काकीला दिसलं ते एवढंच. तिनं रेडकाला कवटाळलं. मग तिचं लक्ष गवतावरच्या फडक्याकडे गेलं. "हे अजून उपाशीच? आणि तू याला सोडून माझ्याकडे आलीस?"

बकुळेनं बत्ताशाला उचलून पुन्हा छातीशी घेतलं.

काकीनं पदरानं डोळे पुसले. "माझ्या जिभेला हाड नाही, पोरी. सकाळी टोचून गेले, पण उपाय सांगायचा राहिलाच. पुसलेलं नाव पुन्हा लिहिता येतं. घरात खडेमीठ आहे ना? चल, पळ!"

गोठ्यात तिघी कामाला लागल्या. काकीनं ठकीला दाव्याला आखूड बांधलं, आईनं चुचकारत चिकाच्या चार धारा काढल्या. बकुळेनं तो चीक बत्ताशाच्या डोक्यावर, पाठीवर, शेपटीला चोळला. टिक्कीला त्याच्या अंगावर घासलं, म्हणजे तिचा वास त्याला लागेल. वरून मिठाची चिमूट, म्हणजे ठकी चाटेल.

"ने आता पुढे," काकी म्हणाली.

ठकीनं हुंगलं. जीभ बाहेर आली. एकदा चाटलं, दोनदा चाटलं. ठकीनं पुन्हा हुंगलं, आणि चिकाच्या नि मिठाच्या खालून वर आला तो हळदीचा, ओव्याच्या धुरीचा वास! ठकी फुरफुरली नि ढुशी मारून मोकळी झाली.

बत्तासा पडला तो उठलाच नाही.

"आता गौरीलाच काळजी," काकी हळूच म्हणाली. सूर्याची कडा डोंगराला टेकायला आली होती.

बकुळेनं शेवटचा कण सोललेल्या तळहातावर ठेवला. "मोहोरपरी, ये गं," ती पुटपुटली. "हातांनी जे व्हायचं ते सगळं झालं."

कण लखलखला. परी तिच्या बोटावर उभी होती. आईला नि काकीला मात्र दिसलं ते फक्त कवाडातून आलेलं सोनेरी ऊन.

"काय मागतेस?"

"याच्या अंगाला माझ्या हातांचा वास लागलाय. हळदीचा, धुरीचा, माझा. तेवढा काढून घे."

परीचा चेहरा उतरला. "घेईन. पण मग तुझ्या हातांचाही वास जाईल, बाळ. चांदणी, ठकी, कवडी तुला त्या वासानंच ओळखतात. उद्यापासून तू त्यांना परकी होशील. जसा आज बत्तासा झालाय तसा."

बकुळेनं गोठ्यात पाहिलं. तिच्या पायाशी घुटमळणारी कवडी, तिचा हात चाटणारी चांदणी. मग तिनं बत्ताशाकडे पाहिलं.

"चूक त्याची नव्हती," ती म्हणाली. "काढून घे."

परीनं पंख झटकले. गोठ्यात एक मऊ झुळूक फिरली. ठकीचे कान ताठ झाले. तिनं मान लांब केली, बत्ताशाला हुंगलं, थबकली... आणि तिच्या घशातून एक असा हळुवार आवाज निघाला जो ती सकाळपासून फक्त टिक्कीसाठी काढत होती. मग चाटणं सुरू झालं! डोकं, कान, पाठ, डोळे. नाकानं ढोसून तिनं बत्ताशाला उठवलं. तो लटपटला, पडला, पुन्हा उठला, तोंड सापडेना, सापडलं, आणि... चुटुचुटु, चुटुचुटु! शेपटी अशी हलायला लागली की विचारू नका.

आई रडत हसत होती. काकी म्हणत होती, "ओळखलं गं बाई, ओळखलं!"

बकुळेनं आनंदानं ठकीच्या गळ्यात हात टाकायला हात पुढे केला. ठकी दचकून मागे सरली. चांदणी परक्या माणसावर फुत्कारावं तशी फुत्कारली. बकुळेनं हात मागे घेतला नि परकराला पुसला, जणू त्यावर काही होतं. पण त्यावर काहीच नव्हतं.

"बकू, आता तरी खा," आई पन्ह्याचं भांडं नि डाळीची वाटी घेऊन आली. "सगळ्यांची तोंडं ओली झाली ना?"

बकुळेनं घास उचलला. आणि थांबली.

नाही. एक तोंड राहिलं होतं.

तिनं मोहोराच्या तुऱ्याबरोबर आलेलं आंब्याचं एक पान वाटीसारखं दुमडलं, त्यात पन्ह्याचा एक थेंब घेतला आणि कवाडावर जाऊन बसलेल्या परीपुढे धरला. "तू दिवसभर डिंकात अडकली होतीस. तुझंही तोंड कोरडं असेल. आज तूही आमच्याच गोठ्यात आहेस."

परीनं दोन्ही हातांनी पान धरून पन्हं प्यायलं नि तिच्या डोळ्यांत दवाचे दोन कण चमकले.

"किती चैत्र झाले, मी मोहोर फुलवते," ती म्हणाली. "सगळे मला काही ना काही मागतात. तू काही खाल्लंस का, असं मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. आण ते हात इकडे."

तिनं बकुळेच्या सोललेल्या तळहातांना ओठ टेकवले. एका तळहाताला, मग दुसऱ्याला. आणि गोठाभर मोहोराचा गोड, थंड वास दरवळला. परी उजळत गेली, समईएवढी, मग पौर्णिमेच्या चंद्राएवढी, मग सगळा गोठा सोनेरी झाला, गाईची शिंगंसुद्धा सोन्याची झाली, आणि त्या उजेडातच ती विरघळून गेली.

बाहेर हळदीकुंकवाला येणाऱ्या बायकांच्या बांगड्या किणकिणल्या. चांदणीनं मान पुढे केली, बकुळेचा हात हुंगला आणि खरखरीत जिभेनं खसकन चाटला. ठकीनं तिच्या कुशीत डोकं खुपसलं. तेव्हा कुठे बकुळेनं पहिला घास खाल्ला. आणि तिच्या आईनंही.

तेव्हापासून बकुळेच्या हातांना बाराही महिने मोहोराचा वास येतो म्हणतात. बिथरलेली गाय असो, रुसलेली शेळी असो, त्या हातांनी कुरवाळली की शांत होते. लांबलांबचे लोक टाकलेली करडं, वासरं तिच्याकडे घेऊन येऊ लागले. कुणी पायलीभर जोंधळे द्यायचं, कुणी गुळाची ढेप. ज्येष्ठात बाबा परत आले ते पुन्हा गेलेच नाहीत, कारण गोठ्याला दुसरा गोठा जोडायचा होता. बत्तासा त्या नव्या गोठ्याच्या दाराशी बसायचा, पाहुण्यांची पिशवी चघळत.

बकुळेला गौर पावली, परी पावली, तशी ती तुम्हालाही पावो. पण तिचा वसा मात्र तुम्हीही घ्या हं, माझ्या पाखरांनो. अवघड काही नाही. या चैत्रात तुमच्या दाराशी, गॅलरीत, जिथे जागा असेल तिथे, एका वाटीत पाणी ठेवा. आणि जेवायला बसाल तेव्हा पहिल्या घासाआधी एकदा मान वळवून बघा, कुणाचं तोंड कोरडं तर राहिलं नाही ना?